उभ्या मोटारीतील विजेची गळती

एंजिन थांबले, चावी निघाली आणि दारे लागली म्हणजे मोटारीचे सर्व व्यवहार थांबतात, असा सर्वसाधारण समज आहे. सन १९६० च्या सुमारास रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींच्या बाबतीत तो बहुतांशी खराही होता. आजच्या मोटारीच्या बाबतीत मात्र तो खरा नाही. मोटार रात्रभर दारात उभी असताना तिच्यातील घड्याळ चालू असते, चोरीपासून रक्षण करणारी यंत्रणा जागी असते आणि मालकाच्या हातातील चावीचा बिनतारी संदेश केव्हा येईल याकडे एक छोटा ग्राहक सतत कान देऊन असतो. या सर्वांना वीज लागते, आणि ती बॅटरीखेरीज दुसरीकडून मिळण्याचा मार्ग नसतो.

हा खर्च अत्यल्प असतो तोवर तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु एखादा दिवा विझावयाचा राहिला, एखादा स्विच अडकला किंवा कोणी एखादी तार चुकीच्या जागी जोडली, म्हणजे ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीच्या नेमके उलट घडते. भरलेले तळे थेंबाथेंबाने रिकामे होते आणि सकाळी चावी फिरविली तर एंजिनाऐवजी केवळ ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ जसे झाडाचा रस शोषून घेते, त्याप्रमाणे हा अनाहूत भार बॅटरीतील वीज शोषून घेत असतो. म्हणून त्याला ‘परोपजीवी भार’ असे म्हणतात.

आपल्या देशात पुष्कळ कुटुंबांची पहिली मोटार ही दुसऱ्याने वापरलेली असते. अशा मोटारीबरोबर तिच्या पूर्वीच्या मालकांनी केलेल्या जोडण्याही येतात. नंतर बसविलेले गाण्याचे यंत्र, भोंगा, चोरघंटा, दिवे यांच्या तारा कोणी, केव्हा आणि कोठून नेल्या याची नोंद कोठेही नसते. बॅटरी वारंवार उतरू लागली की प्रथम तिलाच दोष दिला जातो आणि काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी बसविली जाते. मूळ गळती तशीच राहिल्यामुळे थोड्याच दिवसांत नव्या बॅटरीचीही तीच गत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार होय. तो टाळावयाचा असेल तर तर्क आणि मोजमाप यांचा आश्रय घेतला पाहिजे. त्यासाठी लागणारे साधन साधे आहे आणि त्यामागील तत्त्व शाळेतील विद्यार्थ्यालाही परिचित असते.

बॅटरीतील साठा

बहुतेक मोटारींत वापरली जाणारी बॅटरी शिसे आणि आम्ल यांची बनलेली असते. अशा घटाचा शोध फ्रान्समधील शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये लावला. तिच्यातील एका पट्टीवर शुद्ध शिसे व दुसरीवर शिशाचे डायऑक्साइड असते आणि दोन्ही पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज खर्च होत असताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. उलट दिशेने वीज पुरविली म्हणजे ही क्रिया उलटते व घट पुन्हा भरतो. एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. असे सहा घट एकापुढे एक जोडले की मोटारीची ‘१२ व्होल्टची’ बॅटरी तयार होते. काही तास विश्रांती घेतलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. तो १२.२ पर्यंत खाली आला असता साठा जवळजवळ निम्मा झाला असे समजावे आणि १२ च्या खाली गेला असता बॅटरी बहुतेक रिती झाली असे मानावे.

प्रारंभीच्या मोटारी हाताने दांडा फिरवून चालू कराव्या लागत. चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत बसविला गेला आणि तेव्हापासून मोटारीच्या जीवनात बॅटरीला अनिवार्य स्थान प्राप्त झाले. स्टार्टरला फार मोठा प्रवाह लागतो. छोट्या पेट्रोल-मोटारीतही तो १०० ते १५० अँपिअर असू शकतो. परंतु तो लागतो केवळ एक-दोन सेकंद.

येथे एक लहानसे गणित करून पाहण्यासारखे आहे. बॅटरीचा साठा ‘अँपिअर-तास’ या एककात सांगतात. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला म्हणजे एक अँपिअर-तास खर्च झाला. १५० अँपिअरचा प्रवाह दोन सेकंद वाहिला तर ३०० अँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे ०.०८ अँपिअर-तास एवढाच साठा खर्च होतो. याच्याशी डिकीतील ५ वॅटच्या छोट्या दिव्याची तुलना करावी. १२ व्होल्टवर तो सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. तो रात्रीचे बारा तास जळत राहिला तर ४.८ अँपिअर-तास खर्च होतात. याचा अर्थ असा की, एंजिन साठ वेळा चालू करण्यास पुरेल एवढी वीज तो मिणमिणता दिवा एका रात्रीत संपवितो! मोठा पण क्षणिक खर्च बॅटरी सहज सोसते. लहान पण अखंड खर्च तिला रिकामी करतो.

साठा निम्म्याच्या खाली गेल्यावर अडचण दुहेरी होते. आम्ल सौम्य झाल्यामुळे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि स्टार्टरने मोठा प्रवाह मागताच तिचा दाब एकदम कोसळतो. म्हणूनच दिवे मंद का होईना पण लागतात आणि एंजिन मात्र चालू होत नाही, असे दृश्य दिसते. शिवाय बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिली तर पट्ट्यांवरील सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण बनतात आणि पुन्हा वीज भरताना ते पूर्णपणे विरघळत नाहीत. बॅटरीची साठवणशक्ती त्यामुळे कायमची घटते. लडाखसारख्या थंड प्रदेशात आणखी एक संकट असते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्याखेरीज गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव मात्र उणे १० अंशांच्या आसपासच गोठू लागतो आणि बॅटरीचे कवच फुटण्याचा संभव निर्माण होतो.

स्वाभाविक खर्च किती?

निरोगी माणूसही झोपेत श्वास घेतोच. त्याचप्रमाणे निर्दोष मोटारही उभी असताना थोडी वीज घेते. सर्वसाधारणपणे हा प्रवाह २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ ते ०.०५ अँपिअर असतो. याहून तो बराच अधिक आढळला तरच गळतीचा संशय घ्यावा.

तथापि स्वाभाविक खर्चही काळाच्या ओघात बॅटरी रिकामी करू शकतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ०.०३ अँपिअरचा खर्च असे धरले तर निम्मा साठा संपण्यास ५८३ तास, म्हणजे सुमारे २४ दिवस लागतात. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा असंख्य मोटारी आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. त्यांपैकी ज्या नंतर चालू झाल्या नाहीत, त्या साऱ्यांत बिघाड होता असे म्हणता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी तो केवळ गणिताचा परिणाम होता. यात बॅटरीच्या स्वतःच्या अंतर्गत क्षयाचीही भर पडते. कोणतीही तार जोडलेली नसताना बॅटरी हळूहळू उतरतच असते आणि हा वेग उन्हाळ्यात वाढतो.

यावरून पहिला नियम निघतो. ‘बॅटरी उतरली’ एवढेच पुरेसे नाही. ‘किती दिवसांत उतरली’ हे विचारले पाहिजे. महिनाभर उभी राहून उतरली तर ते नैसर्गिक असू शकते. दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर कोठे तरी पाणी मुरत आहे हे निश्चित समजावे.

संशयितांची छाननी

गळतीचा शोध घेण्यापूर्वी इतर तीन शक्यता वगळणे इष्ट असते. अन्यथा शोध भलत्याच दिशेने जातो.

पहिली शक्यता बॅटरीच जीर्ण झाल्याची होय. ती पूर्ण भरून, मोटारीपासून सोडवून एक-दोन दिवस बाजूला ठेवावी. तारा सुटलेल्या असतानाही तिचा दाब झपाट्याने घसरला, तर दोष तिच्याच पोटात आहे. दाब टिकून राहिला तरी बॅटरीच्या दुकानात भार देऊन तिची परीक्षा करवून घ्यावी, कारण काही बॅटऱ्या विनाभार चांगला दाब दाखवितात आणि भार येताच ढासळतात.

दुसरी शक्यता वीज भरली न जाण्याची. मोटार चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरत असतो. एंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन अग्रांमधील दाब मोजावा. तो साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट आढळला पाहिजे. तो १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर खर्च वाढला नसून आवक बंद झाली आहे असे समजावे. रोज केवळ दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या मोटारीतही आवक अपुरी पडते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी शक्यता अस्वच्छतेची. अग्रांवर पांढरट-हिरवट क्षार साचले किंवा पकड ढिली झाली, तर भरलेल्या बॅटरीतूनही स्टार्टरला पुरेसा प्रवाह मिळत नाही. बॅटरीच्या माथ्यावर आम्लमिश्रित ओलसर धूळ साचली असेल तर तिच्यातूनही एका अग्राकडून दुसऱ्याकडे थोडी वीज झिरपते. म्हणून माथा व अग्रे स्वच्छ करून पकडी घट्ट बसवाव्यात. ही तिन्ही कारणे वगळल्यावर जे शिल्लक उरते ती गळती.

मोजणीची पूर्वतयारी

आता मल्टिमीटर नावाचे छोटे यंत्र हाती घ्यावयाचे. प्रवाह मोजण्यासाठी यंत्र तारेच्या वाटेतच बसवावे लागते, म्हणजे बॅटरीतून निघणारी सर्व वीज त्याच्यामधून गेली पाहिजे. घरातील पाण्याचा मीटर नळाच्या शेजारी ठेवून चालत नाही, तो नळाच्या मार्गातच बसवावा लागतो, तसेच हे आहे.

यासाठी बॅटरीच्या ऋण अग्राची तार सोडवितात. धन अग्राला प्रथम हात लावू नये, याचे कारण स्पष्ट आहे. मोटारीचा सर्व लोखंडी सांगाडा ऋण अग्राला जोडलेला असतो. धन अग्राची पकड सोडविताना पाना चुकून सांगाड्याला टेकला तर बॅटरीचे दोन्ही टोक थेट जोडले जाऊन शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, पाना तापून लाल होऊ शकतो आणि बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजन वायूला ठिणगी लागून स्फोटही होऊ शकतो. ऋण तार अगोदर सुटलेली असली म्हणजे हे चक्रच पूर्ण होत नाही. म्हणून सोडविताना ऋण तार सर्वांत आधी आणि जोडताना सर्वांत शेवटी, हा नियम कधीही मोडू नये. आम्लापासून डोळ्यांचे रक्षण करण्यासाठी चष्मा वापरावा आणि हातातील कडे, अंगठी काढून ठेवावी.

मोजणीपूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली असावी. चावी काढून मोटारीपासून दूर ठेवावी. फ्यूजची पेटी दाराच्या आत असेल तर त्या दाराची कडी पेचकसाने दाबून बंद करावी, म्हणजे दार उघडे असूनही मोटारीला ते बंद वाटते. बॉनेटखाली दिवा असल्यास त्याचा स्विचही तसाच दाबून ठेवावा.

त्यानंतर मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्ट्यात ठेवून त्याची एक कांडी ऋण अग्राला आणि दुसरी सुटलेल्या तारेला जोडावी. यात एक बारकावा आहे. तार क्षणभर तुटून पुन्हा जोडली गेली की मोटारीतील सर्व नियंत्रक एकदम जागे होतात, आणि कधी कधी तर या धक्क्याने दोषी भागही तात्पुरता शुद्धीवर येऊन गळती नाहीशी होते. हे टाळण्यासाठी अग्र व तार यांच्यामध्ये दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक जाड जोडतार आधी लावावी, मग पकड उचलावी आणि नंतर मल्टिमीटर जोडावा. जोडतार शेवटी काढली की खंड न पडता प्रवाह यंत्रामधून वाहू लागतो. यंत्र जोडलेले असताना चावी फिरवू नये, कारण स्टार्टरचा प्रवाह यंत्राच्या मर्यादेच्या कितीतरी पट असतो व आतील फ्यूज तत्क्षणी वितळतो.

आता सर्वांत कठीण काम करावयाचे, ते म्हणजे वाट पाहणे. दारे बंद झाल्यावर मोटारीतील नियंत्रक एकामागून एक झोपी जातात. प्रारंभी आकडा एक-दोन अँपिअर किंवा अधिकही दिसेल आणि पायऱ्या उतरावे तसा तो खाली येत जाईल. यास काही मोटारींत दहा मिनिटे, तर काहींत अर्धा-पाऊण तास लागतो. घाईने पहिल्याच आकड्यावर निष्कर्ष काढला तर निर्दोष मोटारही दोषी ठरेल. आकडा स्थिरावल्यावर जो उरतो तोच खरा.

वजाबाकीची रीत

गळती आहे हे कळले. ती कोठे आहे हे कळण्यासाठी वजाबाकीचा उपयोग होतो. मोटारीतील वीज अनेक शाखांतून वाहते आणि बहुतेक प्रत्येक शाखेच्या मुखाशी एक फ्यूज असतो. सर्व शाखांतील प्रवाहांची बेरीज म्हणजे मल्टिमीटरवरील आकडा. फ्यूज एकेक करून उपसावा व आकड्याकडे पाहावे. ज्याच्या उपसण्याने आकडा एकदम कोसळेल त्या शाखेत चोर दडला आहे. उपसलेला प्रत्येक फ्यूज त्याच जागी व त्याच क्षमतेचा परत बसवावा. तो बसविताना एखादा नियंत्रक जागा होऊन आकडा वाढला तर तो पुन्हा खाली येईपर्यंत थांबावे.

नियंत्रकांची झोप मोडू नये म्हणून दुसरी एक सुरेख रीत आहे. फ्यूज हा शेवटी एक वाहकच असल्याने त्याला थोडा रोध असतो. १० अँपिअरच्या सामान्य फ्यूजचा रोध सुमारे ७ ते ८ मिलिओहम असतो. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. तेव्हा अशा फ्यूजमधून ०.४ अँपिअर वाहत असेल तर त्याच्या दोन टोकांत सुमारे ३ मिलिव्होल्टचा फरक दिसेल. फ्यूजच्या माथ्यावर याच कामासाठी दोन बारीक छिद्रे असतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टच्या पट्ट्यात ठेवून कांड्यांची टोके तेथे टेकवावीत. जेथे शून्य, तेथे प्रवाह नाही. जेथे आकडा, तेथे प्रवाह आहे. या रीतीत एकही फ्यूज हलवावा लागत नाही आणि बॅटरीची तारही सोडवावी लागत नाही.

दोषी शाखा सापडली की त्या फ्यूजवर कोणकोणती साधने चालतात ते मोटारीच्या पुस्तिकेवरून किंवा पेटीच्या झाकणावरील आकृतीवरून पाहावे आणि ती एकेक सोडवावीत. वजाबाकीची तीच रीत, आता लहान क्षेत्रात. मात्र या शोधात एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना मल्टिमीटर लावू नये. यंत्राच्या अल्प प्रवाहानेही अपघात घडण्याचा धोका असतो.

एक उदाहरण

इंदूर येथील एका शिक्षिकेने नऊ वर्षे वापरलेली एक छोटी पेट्रोल-मोटार विकत घेतली, असे उदाहरणादाखल समजू. तिच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीसाठी पहाटे रुग्णालयात न्यावे लागते आणि मुख्यतः त्याचसाठी मोटार घेतलेली आहे. रोज शाळेत नेली तर मोटार बिनतक्रार चालू होते. परंतु शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी पहाटे, नेमकी गरजेच्या वेळी, तिच्यातून आवाज निघत नाही. एकदा शेजाऱ्यांनी धक्का दिला, दुसऱ्यांदा रिक्षा शोधण्यात पाऊण तास गेला. गॅरेजमध्ये नवी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी बसविली गेली. पुढच्याच सोमवारी पुन्हा तेच.

नवी बॅटरी व १४.२ व्होल्ट देणारा अल्टरनेटर या दोन गोष्टींनी पहिल्या शक्यता वगळल्या जातात. मल्टिमीटर जोडला असता चाळीस मिनिटांनी आकडा ०.४४ अँपिअरवर स्थिर होतो. गणित लक्षणांशी जुळते का, हे प्रथम पाहावयाचे. एका रात्रीच्या बारा तासांत ५.३ अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचा सुमारे सातवा हिस्सा जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी मोटार चालू होते. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार पहाटेपर्यंतच्या सुमारे ६० तासांत मात्र २६ अँपिअर-तास, म्हणजे तीन चतुर्थांश साठा संपतो. लक्षण आणि मोजमाप यांचा मेळ बसला. तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

आता फ्यूज उपसावयाचे. एक, दोन, दहा, वीस. सर्व फ्यूज तपासून होतात, तरी आकडा ०.४४ वरून फार तर ०.४२ पर्यंत उतरतो. येथे पुष्कळ जण निराश होतात. वस्तुतः ही निराशेची नव्हे, तर महत्त्वाच्या माहितीची जागा आहे. एकही फ्यूज गळती थांबवीत नसेल तर गळतीची वाट फ्यूजच्या पेटीतून जातच नाही, हे सिद्ध झाले. पेटीला वळसा घालून बॅटरीशी थेट जोडलेल्या तारा थोड्याच असतात: स्टार्टरची, अल्टरनेटरची, आणि नंतर कोणी जोडलेल्या.

बॅटरीची ऋण तार पूर्ण सोडवून अल्टरनेटरची जाड तार काढली, तिचे टोक चिंधीने गुंडाळून बाजूला ठेवले आणि मोजणी पुन्हा केली. आकडा तोच. अल्टरनेटर निर्दोष ठरला. आता बॅटरीच्या धन अग्राकडे नीट पाहिले असता मूळ तारांखेरीज एक निराळी लाल तार दिसते. तिच्यावर स्वतःचा फ्यूज आहे आणि ती एंजिनामागील पत्र्याच्या भोकातून आत जाते. तो फ्यूज काढताच आकडा ०.०२ वर येतो. चोर सापडला.

तारेच्या मागोमाग गेले असता ती गालिच्याखालून पुढच्या आसनाखाली बसविलेल्या ध्वनिवर्धकापाशी पोहोचते. पूर्वीच्या मालकाने तो गाण्यासाठी बसविलेला आहे. अशा ध्वनिवर्धकाला मुख्य तारेखेरीज एक बारीक आज्ञा-तार असते. गाण्याचे यंत्र चालू झाले की तिच्यातून संदेश येतो व तो जागा होतो. यंत्र बंद झाले की तो झोपतो. बसविणाऱ्याने श्रम वाचविण्यासाठी ही आज्ञा-तार मुख्य तारेलाच जोडून टाकली आहे. परिणामी ध्वनिवर्धक रात्रंदिवस आज्ञेत उभा आहे. त्यातून आवाज निघत नाही, त्यावर दिवा नाही. मात्र दर तासाला तो ०.४२ अँपिअर-तास वीज गिळतो. हात लावला असता तो बंद मोटारीतही कोमट लागतो.

आज्ञा-तार योग्य जागी जोडल्यावर गाणेही राहते आणि गळतीही जाते. ०.०२ अँपिअरच्या खर्चात निम्मा साठा संपण्यास ८७५ तास, म्हणजे छत्तीस दिवसांहून अधिक काळ लागेल. दुरुस्तीला लागले ते अर्ध्या मीटरपेक्षा कमी तारेचे एक तुकडे. फेकून दिलेली पहिली बॅटरी अपराधी नव्हती, तर बळी होती. वारंवार तळापर्यंत उतरल्यामुळे तिची शक्ती क्षीण झाली असणेही संभवनीय आहे. शोध प्रथम झाला असता तर कदाचित तीच पुढे वर्षभर उपयोगी पडली असती.

नेहमीचे अपराधी

अनुभवाने असे दिसून येते की, काही स्थळे गळतीला विशेष अनुकूल असतात. डिकीतील किंवा डाव्या बाजूच्या कप्प्यातील दिवा झाकण लागल्यावरही जळत राहतो. आत मोबाइल फोन ठेवून चित्रण केले तर झाकण लावल्यावर तो विझतो की नाही हे कळते. ब्रेकच्या पायपट्टीजवळील स्विच अडकला तर मागील दिवे लागून राहतात. रिलेच्या आतील दोन टोके ठिणगीने वितळून एकमेकांस चिकटली तर वीज बंद होतच नाही. असा रिले स्पर्शाला ऊन लागतो. अल्टरनेटरातील डायोड हे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे दरवाजे होत. ते बिघडले तर बॅटरीतील वीज उलट अल्टरनेटरात शिरू शकते. पावसाळ्यात पाणी आत झिरपून गालिच्याखालील जोडण्यांवर गंज चढतो व नियंत्रकांना झोप लागत नाही. नंतर बसविलेले कॅमेरे, स्थानदर्शक यंत्रे आणि फोन भरण्याचे खुंटे यांचाही या यादीत समावेश करावा लागतो. बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या मोटारीही यातून सुटलेल्या नाहीत. त्यांच्यातही दिवे, कुलपे व नियंत्रक यांच्यासाठी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही मोटार जागची हलत नाही.

जुनी मोटार विकत घेणाऱ्याने सौदा करण्यापूर्वी बॉनेट उघडून धन अग्रावर किती तारा आहेत ते मोजावे. मूळ रचनेत नसलेली प्रत्येक तार कोठे जाते, हा प्रश्न विक्रेत्यास विचारावा. शक्य असेल तर मोटार दोन रात्री उभी ठेवून तिसऱ्या सकाळी चालू करून पाहावी. या साध्या परीक्षेला पैसे लागत नाहीत.

गळतीचा शोध हा वैज्ञानिक रीतीचा एक छोटा पण पूर्ण धडा आहे. प्रथम लक्षण नोंदवावे, मग मोजावे, मोजमाप लक्षणाशी ताडून पाहावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जेथे काहीच घडले नाही तेथूनही काय कळले ते टिपून ठेवावे. वीस फ्यूज उपसूनही आकडा हलला नाही, या ‘नकारा’नेच वरील उदाहरणात शोधाची दिशा ठरविली. अंदाजाने सुटे भाग बदलीत राहणाऱ्यास कधी यश आले तरी त्याचे कारण कळत नाही. मोजून पुढे जाणाऱ्यास प्रत्येक पायरीवर काही ना काही ज्ञान प्राप्त होते.

सरावासाठी प्रश्न

१. एका मोटारीत ४५ अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी आहे आणि गळती ०.२५ अँपिअर आहे. निम्मा साठा किती तासांत संपेल?

२. एका फ्यूजचा रोध ८ मिलिओहम असून त्याच्या टोकांत ०.२ मिलिव्होल्टचा फरक आढळला. त्यातून किती प्रवाह वाहत आहे? तो चिंताजनक आहे काय?

३. बॅटरी सोडविताना ऋण तार प्रथम का काढावी, हे आकृती काढून स्पष्ट करा.

४. दारे बंद केल्यावर लगेच घेतलेली मोजणी विश्वसनीय का मानू नये?